पट आणि शाळा

सिकंदराबादेस लागून असलेल्या बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांचे स्मारक आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी म्हणून त्यांस सारे ओळखतात. ते मुळात खेड्यातील मास्तर होते, हे मात्र थोडेच आठवतात. निजामी राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या आडगावी १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली होती. १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर तेथे आले. तेथेच असता त्यांनी संन्यास घेतला. १९३५ साली ते व त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईस गेले. तीनच वर्षांनी तोच मास्तर स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह करून तुरुंगात गेला. राज्याची उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असताना मराठी मुलांस मराठीतून शिकविणाऱ्या अशा शाळांचे मोल पटावरच्या आकड्यांत मोजता आले असते काय?

आज मात्र आकड्यांचेच राज्य आहे. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा सुमारे १५ हजार, मुले पावणेदोन लाखांहून अधिक. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा. नंदुरबारमधील तोरणमाळ व पुण्याजवळील पानशेत यांचे दाखले दिले गेले.

एका खोलीत एकाच मास्तराने चार इयत्ता हाकाव्यात, यात मुलांचे हित नाही, हे आम्ही मान्य करतो. एकटेपणाने शिक्षकही झिजतो. पण शिक्षणहक्क कायद्याखाली पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरले आहे ना? ओढ्यास पूर आला, गाडी आली नाही, की मुलगा दोन दिवस चुकतो. मुलगी कायमची घरी बसते. कागदावर मात्र दोघांचीही नावे नव्या शाळेच्या पटावर राहतात, हे विशेष!

सीमेवरील गावांत तर आणखी एक पेच आहे. जवळची शाळा बंद करून मुलांना ज्या शाळेत पाठवावयाचे, तिचे माध्यम कोणते? अंतर दोनच किलोमीटर असले, तरी भाषा बदलली तर ते विलीनीकरण नव्हे, मराठी शाळेचा लोप होय.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. वाहन आधी सुरू व्हावे आणि ते एक पावसाळा नियमित चालून दाखवावे. पालकांचा ठराव ग्रामसभेत व्हावा. माध्यम तेच राहील असे लेखी द्यावे. तोवर कोणत्याही शाळेस कुलूप लागता कामा नये.