मोजपट्टी नको, मॅट दाखवा

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस आले की कॉलेजच्या मैदानावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अबे, तू तं उडून जाशीन!" वाशीम असो, रिसोड असो की कारंजा, कबड्डीच्या निवड चाचणीला आलेल्या एखाद्या बारक्या पोराला कुणीतरी हे ऐकवतो आणि सगळे हसतात. तोही हसतो. मग हळूच रांगेतून बाजूला होतो. कुणी त्याला 'नाही' म्हटलेलं नसतं, तरी त्याची निवड चाचणी तिथेच संपते.

दोस्तहो, प्रश्न साधा आहे. ज्या खेळात अंगाला अंग भिडतं, तिथे लहान चणीचा खेळाडू टिकू शकतो का? उत्तरासाठी आधी थोडं लांब जाऊ, कारण हाच प्रश्न अमेरिकेत कोट्यवधी डॉलर पणाला लावून विचारला जातो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा जो मुख्य खेळाडू असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याने चेंडू फेकायच्या आत त्याला गाठून खाली पाडणं हे समोरच्या संघातल्या 'पास रशर'चं काम. अशा यशस्वी पाडावाला 'सॅक' म्हणतात. वाटेत उभे असतात सहा फूट चार-पाच इंचांचे, १३६ किलोंच्या पुढचे राखणदार. म्हणून पास रशरही तसाच धिप्पाड हवा, असा तिथला हिशेब.

एल्विस ड्युमरविल हा लुईव्हिल विद्यापीठाचा खेळाडू या हिशेबात बसत नव्हता. कॉलेज पातळीवर त्याने सॅकचा धडाका लावला होता, पण उंची होती पाच फूट अकरा इंच. आपल्याकडे या उंचीचा पोरगा दिसला तर आपण त्याला 'लंबू' म्हणू. तिथे तो बुटका ठरला! २००६च्या निवड प्रक्रियेत त्याच्या आधी १२५ खेळाडूंची नावं पुकारली गेली आणि चौथ्या फेरीत डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला घेतलं. तीन वर्षांनी, २००९च्या हंगामात, १७ सॅक करून तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. निवृत्त झाला तेव्हा खात्यावर १०५.५ सॅक होते.

जेम्स हॅरिसनची गोष्ट आणखी कडू आहे. सहा फुटांच्या या खेळाडूला निवड प्रक्रियेत कुणीच घेतलं नाही. नंतर संघात घेतलं, काढलं, पुन्हा घेतलं, पुन्हा काढलं. २००८मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

आता इथे थांबून 'बघा, जिद्द असली की सगळं होतं' असं म्हणणं सोपं आहे. आम्ही तसं म्हणणार नाही. जिद्द त्या राखणदारांकडेही असते. हे दोघे जिंकले त्यामागे कारणं होती आणि ती शिकण्यासारखी आहेत.

पहिलं कारण, खाली राहणं. दोन माणसं एकमेकांना भिडतात तेव्हा ज्याचे खांदे खाली, त्याचा जोर वरच्या दिशेने लागतो आणि समोरच्याचे पाय उखडतात. उंच माणसाला त्यासाठी मुद्दाम वाकावं लागतं, बुटका मुळातच तिथे असतो. दुसरं, पहिलं पाऊल. समोरचा सावरायच्या आत अर्धं काम झालेलं असतं. तिसरं, हात. ड्युमरविलची उंची कमी असली तरी त्या मानाने हात लांब होते. म्हणजे उंची मोजणाऱ्याने एकच माप घेतलं आणि कामाचं माप राहून गेलं. आणि हो, हे दोघे बुटके असतील, किरकोळ नव्हते. अंगात भरपूर ताकद होती. 'लहान' आणि 'कमजोर' हे दोन वेगळे शब्द आहेत.

आता घरी येऊ. कबड्डीची तर गंमतच उलटी आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये वजनाला वरची मर्यादा नाही. कबड्डीत आहे. वरिष्ठ गटात पुरुषांना ८५ किलो, महिलांना ७५ किलो. त्यापुढे काटा गेला की तुम्ही बाहेर. म्हणजे खेळाचा नियमच सांगतो की निव्वळ आकाराने सामना जिंकू देणार नाही.

कोपरारक्षकाचं काम बघा. चढाईपटू आत येतो, बोनससाठी पाय टाकतो किंवा गडी टिपून वळतो. त्या क्षणी त्याचं ८५ किलोंचं शरीर एका पायावर उभं असतं. कोपरारक्षकाला पूर्ण माणूस उचलायचा नसतो. त्याला तो एक घोटा हवा असतो. घोटा हातात आला आणि बाजूचा साथीदार लगेच धावून आला, की पकड झाली. आणि घोट्यापर्यंत लवकर कोण पोहोचणार? जो आधीच खाली बसलेला आहे तो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना अशी पकड झाली, तर ती अव्वल पकड. तिचे दोन गुण. प्रो कबड्डी बघताना पुढच्या वेळी चढाईपटूकडे नको, कोपऱ्यात उभ्या असलेल्या गड्याच्या पायांकडे बघा.

हा खेळ आपल्यासाठी परका नाही. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवणारे खेळाडू आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे होते. आपली कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याच गावातून ही मंडळी गेली होती.

आणि बारक्या खेळाडूबद्दल बोलायचं तर खाशाबा जाधवांना विसरून कसं चालेल? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये शिकत होते. त्यांची शरीरयष्टी बघून क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्ती स्पर्धेत घ्यायला नकार दिला होता, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. त्यांनी संधी दिली. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा सहावे आले. १९५२ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते, तेव्हा याच खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

यात एक बारकावा आहे. कुस्तीत वजनगट असतात, त्यामुळे हेलसिंकीच्या मॅटवर खाशाबांसमोर त्यांच्याच वजनाचे मल्ल होते. खरी अडचण मॅटवर नव्हतीच. ती कॉलेजच्या निवडीत होती, जिथे कुणीतरी नुसत्या नजरेने निकाल लावला होता. ड्युमरविलचंही तेच. त्याला राखणदारांनी अडवण्याआधी मोजपट्टीने अडवलं होतं.

आता कडू भाग, कारण तुमच्याशी खोटं बोलायचं नाही. पहिली गोष्ट, ड्युमरविल आणि हॅरिसन अपवाद आहेत. अपवादांची नावं आपल्याला माहीत असतात, जे मागे राहिले त्यांची नसतात. दुसरी, लहान खेळाडूला चूक परवडत नाही. दांडग्या कोपरारक्षकाची वेळ अर्ध्या सेकंदाने चुकली तरी तो अंगाच्या जोरावर चढाईपटूला रोखून धरतो. तुमची चुकली तर तो तुम्हाला मध्यरेषेपर्यंत फरपटत नेईल. तिसरी, तुम्हाला संधी उशिरा मिळेल आणि तीही कमी. एवढं माहीत असूनही खेळायचं असेल तरच खेळा, आणि डिग्री अर्धवट सोडून खेळू नका.

शिवाय काही दारांवर मोजपट्टीच कायदा असते. पोलीस भरतीत पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. तिथे तुमचं तंत्र कुणी विचारत नाही. आपल्यातले कितीतरी जण पहाटे भरतीसाठीच धावतात. त्यांनी आधी नीट उंची मोजून घ्यावी आणि मगच त्यात दोन-तीन वर्षं घालवावीत. पण जिथे नियमाने मोजपट्टी लावलेली नाही, तिथे ती स्वतःच स्वतःला लावून घेऊ नका.

मग करायचं काय? तुमची जागा निवडा. सगळ्यांनाच चढाईपटू व्हायचं असतं, कोपऱ्यात बसायला फार जण तयार नसतात. एक पकड अशी घोटून घ्या की झोपेतही चुकणार नाही आणि ती फसली तर लगेच लावायची दुसरी तयार ठेवा. मांड्या, कंबर, पंजा यांची ताकद वाढवा. दंडबैठकांना अजून पर्याय सापडलेला नाही. डब्यातली पावडर खाऊन दोन महिन्यांत 'बॉडी' करायच्या नादी लागू नका. पैसा जातो, चपळता जाते आणि कोणत्या डब्यात बंदी असलेलं काय निघेल याचा नेम नाही.

आणि एक मागणी संघ निवडणाऱ्या सरांकडे, मॅडमकडे आणि कर्णधारांकडे. निवड चाचणीत उंची-वजन लिहून घ्या, हरकत नाही. पण त्या कागदावर निकाल लावू नका. बारक्या पोराला किंवा पोरीला कोपऱ्यात उभं करा, संघातला सगळ्यात दांडगा चढाईपटू दहा वेळा त्याच्यावर सोडा आणि किती पकडी झाल्या ते मोजा. दहा चढायांना तीस-तीस सेकंद म्हणजे पाच मिनिटं. याला ना निधी लागतो, ना वरून मंजुरी. दहापैकी एकही पकड झाली नाही तर 'यंदा नाही' असं तोंडावर सांगा. तो समजून घेईल, कारण त्याला त्याचं उत्तर मॅटवर मिळालेलं असेल.

दोस्तहो, तुम्ही रांगेत असाल आणि 'उडून जाशीन' ऐकू आलं, तर वाद घालू नका आणि रांगही सोडू नका. फक्त एवढंच म्हणा, "सर, दहा चढाया द्या." उडालात तर उडालात. पण ते मॅटवर ठरू द्या.