काचेवरील नकाशा आणि पायांखालची भूमि

मुलांच्या हातीं मोबाईल द्यावा कीं देऊं नये, हा वाद हल्लीं बहुतेक एकत्र कुटुंबांत जेवणाच्या पंगतींतच निघतो. आजीस नातवाच्या डोळ्यांची काळजी, तर काकांस तो जगाच्या मागें पडेल याची. दोघांचेंही म्हणणें खोटें नाहीं. परंतु आमच्या मतें हातांत काय दिलें यापेक्षां त्या हाताकडून काय करवून घेतलें, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. आज भूगोल आणि नागरिकशास्त्र या दोन विषयांपुरता त्याचा विचार करूं.

पूर्वीं शाळेंत भूगोल म्हणजे भिंतीवरचा एक नकाशा, टेबलावरचा पृथ्वीचा गोल आणि पाठ केलेलीं नांवें. गंगेच्या उपनद्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलास आपल्या गांवचा ओढा कोणत्या नदीस मिळतो हें सांगतां येत नसे. कारण त्या नकाशांत त्याचें गांवच नसे. हें वैगुण्य आतां दूर झालें आहे. इस्रो या आपल्या अंतराळ संशोधन संस्थेनें २००९ सालीं ‘भुवन’ हें नकाशांचें दालन सर्वांस खुलें केलें; त्यांत उपग्रहांनीं टिपलेली आपली भूमि पाहावयास मिळते. १७६७ पासून चालत आलेल्या भारतीय सर्वेक्षण खात्यानेंही आपले स्थलदर्शक नकाशे २०१७ पासून नागरिकांस विनामूल्य उतरवून घेऊं दिले. तेव्हां मेढ्याच्या मुलानें महाबळेश्वरच्या माथ्यावर बोट ठेवावें, वेण्णेच्या धारेबरोबर आपल्या गांवावरून खालीं यावें, कण्हेरच्या धरणांत क्षणभर थांबावें आणि संगम माहुलीस कृष्णेंत मिळावें. ज्या नदीचें पाणी तें रोज पाहतें, ती कोठून आली आणि कोठें गेली, हें त्यास अशा रीतीनें एका दृष्टिक्षेपांत कळतें.

हीं साधनें मोठ्या शहरांतील श्रीमंत शाळांसच परवडतात, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर आपल्या शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यांत आहे. आपल्या मेढ्याशीं नांवाचें साम्य असलेल्या माढा तालुक्यांत परितेवाडी म्हणून एक लहानसें खेडें आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली. ती चौकोनी खूण मोबाईलपुढें धरली, कीं त्या धड्याचें चित्र वा ध्वनि मुलांपुढें उभा राहतो. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांनींही ही युक्ति उचलली. परदेशच्या मुलांशीं आपल्या मुलांची पडद्यावर गांठ घालून देण्याचेंही काम त्यांनीं केलें. २०२० सालीं त्यांस दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हां त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांत वांटून देण्याचें जाहीर केलें. नागरिकशास्त्राचा हा धडा कोणत्याही खुणेवांचून समजण्यासारखा आहे.

तथापि यंत्र सर्व कांहीं दाखवितें ही समजूत घातक होय. मेढ्याच्या नैर्ऋत्येचा डोंगर ओलांडला, कीं कोयनेचें खोरें लागतें. काचेवर तेथें बामणोलीच्या बाजूस एक लांबच लांब निळी पट्टी दिसते. तोच कोयना धरणाचा शिवसागर. मुलें म्हणतात, केवढें सुंदर सरोवर! चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे. त्या निळ्या रंगाखालीं गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत बुडालेलीं गांवें, शेतें, देवळें आणि पायवाटा आहेत. धरणापूर्वींच्या नकाशांत तीं नांवें सांपडतात. त्याहून अधिक तीं त्या खोऱ्यांतील वृद्धांच्या तोंडीं सांपडतात. तेथील माणसें सातारा, सांगली, सोलापूर, ठाणें, रायगड अशा जिल्ह्यांत विखुरलीं आणि कित्येकांच्या जमिनींचे व हक्कांचे प्रश्न दोन पिढ्या उलटूनही मिटले नाहींत.

कोयना स्वभावतः कऱ्हाडास कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे जाणारी नदी. परंतु विजेसाठीं तिचें पुष्कळसें पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरतें आणि वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास मिळतें. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, घरोघर दिवे लागले; हा लाभ लहान नव्हे. पण ज्यांनीं आपलीं घरें पाण्यास दिलीं त्यांस काय मिळालें, हा प्रश्न मुलाच्या मनांत उभा राहिला, कीं तेथेंच भूगोल संपून नागरिकशास्त्र सुरू होतें. तो प्रश्न विचारण्याचें काम काच करीत नाहीं. तें घरच्या वडील माणसाचें अगर शिक्षकाचें आहे.

नागरिकशास्त्राचीही गोष्ट तशीच. १९९३ सालीं अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस घटनेंत स्थान मिळालें, हें वाक्य मुलें परीक्षेपुरतें पाठ करितात. २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ या सरकारी संकेतस्थळावर ग्रामपंचायतींचे आराखडे व खर्च कोणासही पाहतां येतात. जावळींतील एखाद्या खेड्याच्या शाळेनें आपल्या पंचायतीचें एक काम तेथें वाचावें आणि मुलांस घेऊन तें पाहावयास जावें. गटार लिहिलें आहे, तें आहे काय? किती लांब आहे? पाणी वाहतें काय? मुलांनीं पावलांनीं मोजावें व वहींत मांडावें. कागद आणि भूमि जुळलीं तर सरपंचांचे आभार मानण्यास शिकवावें. न जुळलीं तर कोणास चोर न म्हणतां विनयानें विचारण्यास शिकवावें. विचारण्याचा हक्क तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें प्रत्येक नागरिकास दिलाच आहे.

घरांतही हें सहज साधेल. पांच मुलांत एकच मोबाईल असला तरी पुरे. किंबहुना तेंच बरें, कारण मग काचेपेक्षां आपसांतील बोलणें अधिक होतें. डोंगराच्या घळींत रेंज मिळत नाहीं, म्हणून नकाशा आधींच उतरवून घ्यावा. रविवारीं अर्धा तास तो पाहावा, नंतर मोबाईल खिशांत ठेवून दोन तास चालावें, आणि परत आल्यावर नकाशांत जें नव्हतें तें आजोबांस विचारून वहींत भरावें. ओढ्याचें नांव, जुन्या वाटेचें नांव, बंद पडलेल्या विहिरीची हकीकत, हीं उपग्रहास दिसत नाहींत. तीं सांगणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच तीं लिहून ठेवणें शक्य आहे.

संस्कृतांत ‘नागरिक’ म्हणजे नगरांत राहणारा, आणि त्यावरून चतुर. आज खेड्यांतील मूलही नागरिकच आहे, आणि तीच चतुराई त्याच्या अंगीं यावयास हवी. जें लिहिलें अथवा दाखविलें असेल तें आदरानें पाहावें, स्वतः जाऊन पडताळावें आणि मग बोलावें. एवढी संवय लागली, तर काच मुलाच्या हातीं आहे कीं खडू, याची चिंता आम्ही करणार नाहीं.