'रिओ' सिनेमातला निळा पोपट जंगलात सोडला, मग परत का पकडला?

'रिओ'मधला ब्लू आठवतोय? तो स्पिक्स मकाव. सिनेमात हिरवंगार जंगल दिसतं, पण याचं खरं घर ईशान्य ब्राझीलचं काटिंगा हे रखरखीत, काटेरी जंगल. तिथला शेवटचा नर 2000 साली दिसेनासा झाला. त्याआधी बरीच वर्षं तो एकटाच होता. आपल्या जातीची मादीच उरली नाही, म्हणून बिचाऱ्यानं दुसऱ्या जातीच्या मकाव मादीशी जोडी जमवली होती.

हे पक्षी घरटं करतात कराइबेरा झाडाच्या ढोलीत. ही झाडं पावसाळी ओढ्यांच्या काठानं वाढतात. ती तोडली गेली, नवी रोपं शेळ्यांनी खाल्ली आणि उरलेले पक्षी चोरबाजारानं नेले.

म्हणजे वाचले ते पिंजऱ्यातलेच. त्यांची पैदास करून जून 2022 मध्ये कुरासा भागात 8 पक्षी सोडले, डिसेंबरात आणखी 12. जंगलात पिल्लंही झाली! पण 2025 मध्ये सर्कोव्हायरस आढळला आणि पक्षी परत पकडावे लागले. या रोगात पिसं झडतात, चोच वेडीवाकडी होते. इलाज नाही.

यात भारत कुठे आला? 2023 मध्ये जर्मनीतल्या एसीटीपी संस्थेकडून 26 स्पिक्स मकाव जामनगरच्या 'वनतारा'त आले. आपली संमती नव्हती, असं ब्राझीलचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या पथकाला 2025 मध्ये 'वनतारा'च्या कारभारात गैर आढळलं नाही. तरी ब्राझीलची अडचण कायम आहे. जंगलात सोडायला पक्षी हवेत, आणि त्यातले बरेच आजही देशाबाहेरच्या पिंजऱ्यांत आहेत.