हेपरिन आधी, सीटी नंतर

दम लागून आलेल्या रुग्णाच्या फाइलीत हल्ली पहिला कागद डी-डायमरचा असतो. छातीला स्टेथोस्कोप लागण्याआधीच रक्त लॅबला गेलेले असते. अहवाल वाढीव येतो, घरचे घाबरतात, सीटी पल्मोनरी अँजिओग्राफी होते आणि ती स्वच्छ निघते. शस्त्रक्रिया, गर्भारपण, कर्करोग, न्यूमोनिया, कशानेही डी-डायमर वाढतो. शक्यता कमी असलेल्या रुग्णात फुफ्फुसातली गुठळी नाही असे सांगणे, एवढेच त्याचे काम. पन्नाशीनंतर मर्यादाही वयागणिक वर जाते: सत्तरीच्या रुग्णात 500 नव्हे, 700 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर. (एकक एफईयू की डीडीयू, हे आधी पाहावे, दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक आहे.)

खरे नुकसान दुसऱ्या टोकाला होते. पायाला प्लास्टर, एक पोटरी सुजलेली, नाडी 120, ऑक्सिजन 88 आणि एक्स-रे जवळजवळ नॉर्मल. अशा रुग्णात डी-डायमर निगेटिव्ह आला तरी त्यावर विसंबता येत नाही, मग तो करायचा कशाला? ईसीजीत एस1क्यू3टी3 शोधत बसण्यातही अर्थ नाही. बहुतेकदा नुसता सायनस टॅकिकार्डिया दिसतो. रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल तर हेपरिनचा पहिला डोस तालुक्यातच द्यावा आणि मग सीटीसाठी जिल्ह्याला पाठवावे. 1960 साली बॅरिट आणि जॉर्डन यांनी ब्रिस्टलमध्ये हेपरिन आणि निकोमेलोन, म्हणजे आपले ॲसिट्रॉम, वापरून पाहिले. उपचार न मिळालेल्या 19 पैकी 5 जण गुठळीने दगावले; उपचार मिळालेल्या 16 पैकी गुठळीने एकही नाही.

गुठळी विरघळवण्याची घाई मात्र नको. सिस्टॉलिक रक्तदाब 90 च्या खाली टिकून असेल आणि इकोत उजवे वेंट्रिकल फुगलेले असेल, तर अल्टेप्लेज 100 मिलिग्रॅम किंवा स्ट्रेप्टोकायनेज 15 लाख युनिट दोन तासांत द्यावे. रक्तदाब टिकून असलेल्यांत 2014 च्या पायथो चाचणीत टेनेक्टेप्लेजने मेंदूतला रक्तस्राव 2 टक्क्यांवर नेला; हेपरिनवर तो 0.2 टक्के होता. त्यांना हेपरिन द्यावे आणि नजर ठेवावी.

हृदयातल्या गुठळीचा हिशेब वेगळा आहे. रुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्याला, आयएनआरची कटकट नको म्हणून रिव्हरॉक्साबानवर वळवू नये. 2022 च्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हरॉक्साबानच्या गटात मृत्यू जास्त झाले.

आणि रेफरच्या चिठ्ठीवर हेपरिनचा डोस आणि वेळ ठळक लिहा. पुढच्या डॉक्टरला सर्वांत आधी तेच लागते.