माणसांचे साचे

मागील महिन्यांत आमची एक नात नोकरीच्या मुलाखतीस पुण्यास गेली होती. तेथें तिच्याकडून एक प्रश्नावली भरून घेण्यांत आली, व ती 'अंतर्मुख' असल्यानें लोकांशीं बोलण्याच्या कामास योग्य नाहीं, असा निकाल मिळाला. 'वडील मंडळींच्या बैठकींत आपण होऊन मत सांगतां काय?' या प्रश्नास तिनें प्रामाणिकपणें 'नाहीं' लिहिलें होतें. नवरात्रांत तुळजापुरास जाणाऱ्या पाहुण्यांचा आमच्या घरीं राबता असतो. तो सारा हीच मुलगी भाजीवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सर्वांशीं बोलून निभावते. काकांपुढें मात्र ती तोंड उघडीत नाहीं. यास स्वभाव म्हणावें कीं वळण?

एका देशांत पाडलेले माणसांचे साचे दुसऱ्या देशांत बसतात काय, हा प्रश्न धाराशिवकरांस नवा नाहीं. १९४८ पूर्वीं, निजामाच्या राजवटींत, येथें वैद्य व हकीम दोघेही नाडी पाहत. वैद्याचे दोष तीन : वात, पित्त, कफ. हकीमाचे खिल्त चार : खून, बलगम, सफरा, सौदा, त्यांवरून तो माणसाचा मिजाज ठरवी. ही चौकडी मूळची ग्रीकांची. दुसऱ्या शतकांतील गेलननें ती पक्की केली. आमच्या तेरचा, म्हणजे प्राचीन तगरचा, माल भडोचमार्गें पश्चिमेकडे जाई, तोही त्याच सुमाराचा काळ. आतां वैद्याचा पित्तप्रकृति माणूस हकीमास बहुधा सफरावी वाटे; तेथें साचा जुळला. परंतु वाताला त्या चौकडींत जागा नाहीं, आणि रक्त हा आमच्याकडे धातु, दोष नव्हे.

अर्वाचीन पंडितांचेंही असेंच झालें आहे. १९९७ सालीं मॅक्रे व कोस्टा या अमेरिकनांनीं जर्मन, हिब्रू, चिनी, जपानी इत्यादि भाषांतील उत्तरें ताडून पाहिलीं व स्वभावाचीं पांच अंगें सर्वत्र सारखींच आढळतात, असें मांडलें. पुढें २०१३ सालीं बोलिव्हियांतील त्सिमाने नांवाच्या, शेती व शिकार करून राहणाऱ्या लोकांपैकीं ६३२ जणांस तशाच धर्तीचे प्रश्न विचारले, तेव्हां तीं पांच अंगें कांहीं निघालीं नाहींत. त्यांच्यांत दोनच ठळक दिसलीं : लोकांशीं मिळून वागणें व उद्योगीपणा. कोणी उतावळा, कोणी सोशिक, हा भेद सगळीकडे असेल. कप्पे किती व कोणते, हें मात्र त्या त्या लोकांच्या राहणीवर अवलंबून असावें, असें आम्हांस वाटतें.

समर्थांनींही दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत रज, तम व सत्त्व यांचीं लक्षणें निरनिराळ्या समासांत दिलीं आहेत. पण गुण एकाच माणसांत चढतात, उतरतात, हें त्या शास्त्रांत गृहीतच आहे. प्रश्नावलीच्या चौकटींत तेवढी सवड नसते. प्रगतिपुस्तकांतही ती नसे; आम्हीं वर्षानुवर्षें 'मंद', 'चंचल' असे शेरे मारले, ते आठवून आज संकोच होतो.

नातीची दुसरी मुलाखत येत्या महिन्यांत सोलापुरास आहे. तसाच प्रश्न आल्यास काय लिहावें, असें तिनें विचारलें. 'बैठक घरची कीं कचेरीची, हें आधीं विचारून घे,' असें आम्हीं सांगितलें. तिचे काका म्हणाले, 'सरळ होय लिहून टाक.' त्यावर ती त्यांच्यासमक्ष म्हणाली, 'काका, तें खोटें होईल.'