बाळंतपणाची जखम लपवू नका



आमच्या वस्तीतील एक सून बाळंतपणानंतर सहा महिने विहारात आली नाही. महिला मंडळाच्या बैठकीलाही नाही. सासूबाई म्हणाल्या, "अशक्तपणा आहे." आम्ही घरी गेलो तेव्हा ती रडू लागली. वारा सरतो तो आवरत नाही, संडासची घाई झाली की थांबत नाही. दवाखान्यात टाके घातले, पण जखम किती खोल ते कोणी सांगितले नाही. लाजेपायी ती नवऱ्याशीही बोलली नव्हती.

ही लाज कशाची? बाळ बाहेर येताना योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग फाटू शकतो. पुष्कळदा फक्त कातडी किंवा वरचा स्नायू फाटतो आणि टाक्यांनी भरून येतो. परंतु काही वेळा गुदद्वार आवळून धरणारा स्नायू फाटतो, क्वचित आतड्याच्या अस्तरापर्यंत जखम जाते. तिला डॉक्टर तिसऱ्या आणि चौथ्या दर्जाची जखम म्हणतात. ती लगेच ओळखून नीट शिवावी लागते.

धोका कोणाला जास्त? पहिलटकरणीला. बाळ ४ किलोहून जड असेल तर. गरोदरपणी साखर वाढली तर बाळ जड होऊ शकते, म्हणून तपासणी चुकवू नये. बाळाचे तोंड आईच्या पाठीऐवजी पोटाकडे असेल, खांदा अडकला असेल, कळा देण्याचा काळ फार लांबला असेल किंवा चिमटा लावावा लागला असेल तर. मागच्या खेपेस अशी जखम झाली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. यात बाईचा दोष काहीच नाही.

काही गोष्टी आपल्या हाती आहेत. शेवटच्या चार-पाच आठवड्यांत त्या जागी तेलाने हलके चोळण्याची पद्धत नर्सताईंकडून शिकून घ्यावी. डोके बाहेर येताना जोर न लावता, नर्स सांगेल तसे हळू श्वास घ्यावेत. त्या वेळी कोमट ओल्या फडक्याने शेकण्याचाही उपयोग होतो. पोटावर दाब देऊन बाळ ढकलणे आणि प्रत्येकीला सरसकट छेद देणे योग्य नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

घरच्यांनीही एक जुनी रीत सोडावी. बाळंतिणीला पाणी कमी देऊ नका. शौचास कडक झाले की टाक्यांवर ताण येतो. भाजी, डाळ, भरपूर पाणी द्या. घरी सोडण्यापूर्वी "जखम कोणत्या दर्जाची?" हे विचारून कागदावर लिहून घ्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि त्याची औषधे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहेत.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले की आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्यांनी जी गोष्ट भर सभेत मांडली, ती आपण घरात कुजबुजत का ठेवावी?

त्या सुनेला आम्ही मोठ्या दवाखान्यात नेले. तपासणी झाली, स्नायूंचे व्यायाम सुरू आहेत. बरे व्हायला वेळ लागेल. मागच्या रविवारी मात्र ती बाळाला घेऊन वंदनेला आली. दाराजवळ बसली, पण आली.

तुमच्या घरात अशी कोणी असेल तर आजच विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!