‘हसत राहा’ म्हणणे सोपे

दीर्घ आजाराने माणूस चिडका, आत्मकेंद्री होतो; ‘सकारात्मक’ राहणारा तेवढा तरतो, असा निवाडा गेल्या अंकातील पत्रात आहे. तो पटत नाही.

मणक्याच्या विकाराने बाबा आमटे यांचे बसणेच सुटले. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच उरले. तरी १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, ‘भारत जोडो’ यात्रेसाठी ते कन्याकुमारीहून निघाले. तरुण सायकलींवर, बाबा गाडीत आडवे! १९९० मध्ये आनंदवन सोडून त्यांनी नर्मदाकाठी मुक्काम हलवला. ध्येयामुळे मणका काही सुधारला नाही. शिवाय पाठीशी पत्नी साधनाताई होत्या, कार्यकर्ते होते. पत्रलेखक नेमके हेच विसरतात.

चार्ल्स डार्विनही उलट्या, थकवा, धडधड यांनी अनेक दशके हैराण होता. दिवसातले मोजकेच तास लिहिणे होई. उत्क्रांतीवरचे ‘ओरिजिन’ हे पुस्तक १८५९ मध्ये आले खरे, पण नोकरीची गरज नव्हती आणि शुश्रूषेला पत्नी एम्मा होती.

रोजंदारीवर जाणाऱ्या संधिवाताच्या रुग्णाला यातले काय मिळते? त्याला विसावा आणि झेपेल असे काम कोण देणार, हे पत्रात यायला हवे होते.

– एक वाचक